मिनेसोटातलं जुनं घर: साइडिंग निघणारच आहे तर भिंतीत काय घालावं? कोपऱ्यात ओल येते

सेंटपॉलकर

नमस्कार मंडळी,

सेंट पॉलच्या उत्तरेला एका सबर्बमध्ये १९५६ सालचं रॅम्बलर घेतलंय, खाली बेसमेंट आणि वर एकच मजला. भिंती २ बाय ४ इंची लाकडांच्या, म्हणजे आत साडेतीन इंच पोकळी, त्यात त्या काळचा जेमतेम दोन इंच जाडीचा कागदी पाठीचा फायबरग्लासचा बॅट (गादीसारखा पट्टा) आहे. इलेक्ट्रिकच्या बॉक्सची प्लेट काढून टॉर्च मारला तेव्हा एवढंच कळलं. स्टडच्या (भिंतीतल्या उभ्या लाकडांच्या) बाहेरून काळपट फायबरबोर्ड आणि त्यावर व्हायनिल साइडिंग, म्हणजे सगळ्यात बाहेरचं आवरण.

प्रॉब्लेम उत्तरेकडच्या कोपऱ्यातल्या बेडरूमचा. थंडी वाढली की कोपऱ्यात खाली बेसबोर्डजवळ भिंत ओलसर लागते, कपाट पुढे ओढलं तर मागे काळे ठिपके. उणे वीस फॅरनहाइटच्या आठवड्यात खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरला होता. ह्यात अडचण अशी की मुलीला हिवाळ्यात कोरड्या हवेने नाकातून रक्त येतं म्हणून फर्नेसचा ह्युमिडिफायर आम्ही ४५ टक्क्यांवर ठेवतो. बायको म्हणते तो बंद केला तर पोरीचे हाल, मी म्हणतो चालू ठेवला तर भिंतीचे, आणि दोघांचंही बरोबर आहे.

आता गारपिटीमुळे इन्शुरन्सने पूर्ण साइडिंग मंजूर केलंय, त्यामुळे भिंत बाहेरून उघडी पडणारच आहे. तीन कॉन्ट्रॅक्टर बोलावले, तिघांचं तीन दिशांना तोंड. पहिला म्हणतो आतलं ड्रायवॉल काढून क्लोज्ड सेल स्प्रे फोम मारा. दुसरा म्हणतो साइडिंगखाली पाव इंची घडीचा फोम टाकतो, तेवढ्यात भागेल. तिसरा म्हणतो आतून सहा मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं प्लास्टिक लावल्याशिवाय ओल थांबणार नाही. बाबा साताऱ्याहून फोनवर सांगतात डॅम्पप्रूफ रंग मार.

कुणी इथल्या थंडीत हे काम करून घेतलंय का? एकदाच होणारं काम आहे, परत साइडिंग कधी निघणार, त्यामुळे नीट विचारून करायचंय.

---

रत्नागिरीचा_जर्सीत

मी यातला तज्ज्ञ नाही पण एक गोष्ट आधी तपासा, ओल पाऊस पडल्यावर वाढते का कडाका पडल्यावर? आमच्या रत्नागिरीच्या घरात जूनपासून पश्चिमेची भिंत बाहेरून पाणी पिते आणि आतला रंग पापुद्रे धरून सुटतो, तिथे बाहेरून प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंग हाच इलाज. तुमच्या बाबांच्या डोळ्यासमोर तीच ओल असणार. तुमची ओल पावसाची नसून घरातल्याच हवेतली वाफ थंड भिंतीवर बसते आहे असं वर्णनावरून वाटतं, तसं असेल तर आतून रंग मारून फक्त डाग झाकले जातील. पण खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात डाग असतील, किंवा उन्हाळ्यात वादळी पावसानंतरही ओल दिसत असेल, तर आधी पाणी कुठून शिरतंय ते शोधा, इन्सुलेशन नंतर.

---

भिंतीपलीकडे

मी विस्कॉन्सिनमध्ये घरांचं एनर्जी ऑडिट करते, तुमच्यासारखी घरं नेहमी बघण्यात येतात, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी नाक आणि भिंत हा वाद मिटवूया, कारण दोघांचा शत्रू एकच आहे: घराच्या फटी. हिवाळ्यात गरम हवा वर चढते आणि सीलिंगमधल्या दिव्यांच्या, वायरिंगच्या, चिमणीच्या फटीतून ॲटिकमध्ये (छताखालच्या माळ्यात) निघून जाते, तिच्या जागी खालून, बेसमेंटच्या भिंतीवर घराचं लाकूड टेकतं तिथल्या रिम जॉइस्टच्या आणि सिल प्लेटच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. बाहेरची उणे दहाची हवा आत येऊन ७० डिग्रीला तापली की तिची आर्द्रता पाच टक्क्यांच्याही खाली जाते, म्हणून मुलीचं नाक कोरडं पडतं. तीच थंड हवा त्या कोपऱ्यात बॅटच्या मागून फिरते, भिंतीचा पृष्ठभाग गार करते आणि ह्युमिडिफायरने घातलेलं पाणी तिथे जाऊन बसतं. म्हणजे तुम्ही गळक्या घरात पाणी ओतताय आणि ते सगळ्यात गार जागी साचतंय. फटी बुजल्या की घरातली स्वयंपाकाची, अंघोळीची, माणसांच्या श्वासाची वाफ घरात टिकते आणि ह्युमिडिफायर फार कमी लागतो. तुमच्या बायकोचं म्हणणं आणि तुमचं म्हणणं, दोन्ही एकाच कामाने साधतं.

आत्ता लगेच करायचं ते: ह्युमिडिफायर खाली आणा. आत ७० डिग्री आणि ४५ टक्के असेल तर दवबिंदू ४७-४८ फॅरनहाइट होतो, म्हणजे त्याहून गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटणार, तुमचा कोपरा तर कपाटाआड असल्यामुळे त्याला घरातली उबही लागत नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या जुन्या प्रयोगांवरून निघालेला तक्ता इथे सगळेच वापरतात: बाहेर २० ते ४० असेल तर ४० टक्क्यांच्या वर नको, शून्य ते १० असेल तर ३०, उणे १० ते उणे २० ला २०, त्याच्याही खाली १५. स्वस्तातला हायग्रोमीटर घेऊन त्याच बेडरूममध्ये ठेवा, फर्नेसच्या आकड्यावर विसंबू नका. कपाट बाहेरच्या भिंतीपासून तीन-चार इंच पुढे घ्या. मुलीसाठी तिच्या खोलीत रात्री छोटा ह्युमिडिफायर आणि डॉक्टरांना विचारून सलाइन जेल, अख्खं घर ओलं करायची गरज नाही.

आता तिन्ही कॉन्ट्रॅक्टरचे सल्ले.

प्लास्टिकवाला. वाफ भिंतीत दोन वाटांनी जाते, मालमसाल्यातून झिरपून आणि फटीतून हवेबरोबर. या क्षेत्रात एक प्रसिद्ध गणित आहे: थंड हवामानात चार बाय आठ फुटांच्या अख्ख्या ड्रायवॉलमधून पूर्ण हिवाळ्यात झिरपून जाणारं पाणी म्हणजे क्वार्टचा तिसरा भाग, तीनशे मिलिलिटरच्या आसपास, आणि त्याच शीटला इंचभर चौकोनी भोक असेल तर हवेबरोबर जाणारं पाणी ३० क्वार्ट, म्हणजे २८ लिटर! तेव्हा प्लास्टिकपेक्षा फट महत्त्वाची. शिवाय तुमच्याकडे जुलैत हवा दमट आणि घरात एसी चालू, तेव्हा वाफ उलट बाहेरून आत यायला बघते आणि प्लास्टिकच्या मागच्या बाजूला अडकते. तुमच्या जुन्या बॅटची कागदी पाठ हीच थोडीफार अडवणारी क्लास टू व्हेपर रिटार्डर आहे, भिंत कोरडीही होऊ देते. आतून आणखी काही नको.

स्प्रे फोमवाला. फोम चांगलाच, इंचाला आर-६ ते ७ मिळतो (आर-व्हॅल्यू म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद) आणि हवा बंद होते. पण तो फक्त स्टडच्या मधे बसतो. लाकडाची आर-व्हॅल्यू इंचाला सव्वाच्या आसपास, म्हणजे साडेतीन इंची स्टड जेमतेम साडेचार, आणि भिंतीचा जवळजवळ पाव भाग लाकूडच असतं, कोपऱ्यात तर तीन-तीन स्टड एकत्र. तुमची ओल नेमकी त्याच कोपऱ्यात आहे. ड्रायवॉल फोडून, घर धुळीने भरून, कोपऱ्यातलं लाकूड होतं तसंच गार राहणार. साइडिंग फुकटात निघत असताना आतून भिंत फोडण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

पाव इंची फोमवाला. हा सगळ्यात सोपा वाटतो आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. त्याची आर-व्हॅल्यू एकच्या आसपास, त्यामुळे शीदिंग, म्हणजे स्टडवरचा तो फायबरबोर्ड, तीन-चार डिग्रीनेच गरम होईल, पण छिद्रं नसलेला किंवा चंदेरी पाठीचा फोम असेल तर बाहेरच्या बाजूने सुकणं मात्र अडेल. गार राहायचं आणि सुकायचंही नाही, लाकूड कुजायला एवढं पुरतं. बाहेरून फोम घालायचा तर पुरेसा जाड, नाहीतर बाहेरून वाफ मोकळी सोडणारं काहीतरी.

पुरेसा म्हणजे किती, ते बांधकामाच्या नियमावलीत, म्हणजे कोडमध्ये दिलंय. मिनिॲपोलिस-सेंट पॉल हवामान झोन ६ मध्ये येतं. इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडच्या हिशोबाने झोन ६ मध्ये आतून नुसता लेटेक्स रंग ठेवायचा तर २ बाय ४ च्या भिंतीला बाहेरून अखंड आर-७.५ हवं, २ बाय ६ ला ११.२५. डुलुथकडे झोन ७, तिथे हेच आकडे १० आणि १५. कारण साधं आहे, पोकळीत जेवढं जास्त इन्सुलेशन तेवढी शीदिंगपर्यंत घरातली ऊब कमी पोचते, म्हणून बाहेरचं पांघरूणही त्या प्रमाणात जाड लागतं. तुमच्याकडे जानेवारीचं सरासरी तापमान १६ फॅरनहाइटच्या आसपास. पोकळी आर-१३ ने गच्च भरली आणि बाहेर काही घातलं नाही तर शीदिंगची आतली बाजू बावीस-पंचवीस डिग्रीला राहील. बाहेरून आर-७.५ घातलं तर अडतीसच्या आसपास. आत ३० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू ३७, म्हणजे काठावर का होईना पण सुटलात. ४५ टक्के ठेवलीत तर एवढं करूनही ओल येणार.

तेव्हा माझं मत: साइडिंग निघालं की बाहेरून भोकं पाडून पोकळीत सेल्युलोज (कागदापासूनचं इन्सुलेशन) डेन्सपॅक, म्हणजे गच्च भरून घ्या, घनफुटात साडेतीन पाउंड बसेल इतका दाबून भरला की तो खाली बसत नाही आणि पोकळीतलं हवेचं फिरणंही बरंच थांबतं, जुना पातळ बॅट आतच दाबला जातो, काढावा लागत नाही. मग हाउसरॅप (पाणी अडवणारं पण वाफ सोडणारं आवरण), सांधे टेप केलेले. त्यावर दीड-दोन इंच इन्सुलेशनचा बोर्ड, फोममध्ये त्याचे तीन प्रकार. एक्सपीएस इंचाला आर-५, म्हणजे दीड इंच पुरतं, ईपीएस इंचाला चारच्या आसपास म्हणून दोन इंच. पॉलीआयसो कागदावर सहाच्या पुढे असतो पण कडाक्याच्या थंडीत त्याची आर-व्हॅल्यू घसरते, तुमच्याकडे मी तो एकटा वापरणार नाही. बोर्डवरून पाऊण इंची लाकडी पट्ट्या लांब स्क्रूने थेट स्टडमध्ये आणि साइडिंग त्या पट्ट्यांवर, म्हणजे मागे हवा खेळते आणि शिरलेलं पाणी खाली निघून जातं. भिंत पावणेतीन इंचांनी बाहेर येईल, रॅम्बलरचं छत भिंतीच्या बरंच पुढे आलेलं असतं तेव्हा ती अडचण नाही, खरी मेहनत खिडक्यांभोवती.

खिडक्यांच्या फ्लॅशिंगवर (पाणी बाहेर वळवणाऱ्या पट्ट्यांवर) कॉन्ट्रॅक्टरला खोदून खोदून विचारा. तुमच्या जवळच्या वुडबरीत स्टकोच्या (बाहेरून सिमेंटचं प्लास्टर असलेल्या) घरांमध्ये खिडक्यांच्या आसपास पाणी शिरून शीदिंग कुजण्याचे प्रकार इतके झाले की शहराच्या बिल्डिंग विभागाने त्याचा अभ्यास करून अहवाल काढला. महागडं इन्सुलेशन घालून खिडकीखाली सिल पॅन (शिरलेलं पाणी बाहेर सोडणारा ट्रे) विसरला तर सगळं पाण्यात.

आणि १९५६ चं घर आहे, व्हायनिलच्या खाली कधीकधी ॲस्बेस्टॉस-सिमेंटची जुनी साइडिंग निघते. ॲटिकमध्ये राखाडी-सोनेरी चमकदार खडे दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं, अमेरिकेत विकला गेलेला बराचसा माल मोंटानातल्या लिबीच्या खाणीचा होता आणि त्यात ॲस्बेस्टॉस होतं. हात लावू नका, झाडू तर मुळीच नका. १९७८ च्या आधीचा रंग म्हणजे शिसं असणार असं धरून चालणारा प्रमाणित कॉन्ट्रॅक्टर हवा.

---

विटा_ते_विनिपेग

ताईंनी फार छान समजावून सांगितलंय. आमच्याकडे कॅनडात आतून प्लास्टिक लावायचीच पद्धत आहे, सहा मिलची शीट आणि सांध्यांना तो कधीच न सुकणारा काळा चिकट सीलंट, आणि प्रेअरीच्या थंडीत ते बऱ्यापैकी चालतं सुद्धा, पण नवीन घरात, जिथे प्रत्येक बॉक्स, प्रत्येक वायर नीट सील करता येते. जुन्या घरात ड्रायवॉल न काढता ते शक्यच नाही. भिंत उघडायचीच वेळ आली तर साध्या प्लास्टिकऐवजी नायलॉनची स्मार्ट मेम्ब्रेन घ्या, हिवाळ्यात कोरडी असताना ती वाफ अडवते आणि दमट झाली की मोकळी सोडते.

एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. बाहेरून एक्सपीएसपेक्षा मी मिनरल वूलचा बोर्ड घेईन. इंचाला आर-४ म्हणजे दोन इंचात आठ, आणि वाफेला पूर्ण मोकळा, त्यामुळे कुठे गणित चुकलं, घरात पाहुणे राहिले, चार दिवस सतत स्वयंपाक झाला, तरी भिंत बाहेरच्या बाजूने सुकते. आग लागली तर जळत नाही. जड असतो आणि पट्ट्या एका पातळीत आणायला सुतार चांगला हवा, पैसेही जास्त, हे खरं. पण जुनी भिंत आत कशी आहे हे आपल्याला पूर्ण माहीत नसतं तेव्हा सुकायला वाट ठेवलेली बरी.

आणि घर घट्ट केलं की ताजी हवा यंत्राने आणावी लागते हे विसरू नका. शेजारच्या सस्कॅचवानमध्ये रेजायनाला १९७७ मध्ये प्रयोग म्हणून एक घर बांधलं होतं, फूटभर जाड भिंती, अतिशय हवाबंद, आणि जाणाऱ्या हवेची ऊब येणाऱ्या हवेला देणारं यंत्र. आजचं एचआरव्ही त्याच वाटेने आलं. आमच्याकडे नवीन घरात ते सर्रास असतं.

---

सेंटपॉलकर

दोघांचे मनापासून आभार, आणि रत्नागिरीकरांचेही. ओल पावसात वाढत नाही, थंडीतच येते, वर्षभराचे फोटो परत काढून बघितले. ह्युमिडिफायर काल रात्रीच ३० वर आणला, बायकोला तक्ता दाखवला, तीही तयार आहे कारण छोटा ह्युमिडिफायर मुलीच्या खोलीत राहणार.

आता पुढचे प्रश्न. एक, किचनमधला हूड हवा फिल्टर करून परत घरातच सोडतो, रोज कुकर, भात, फोडणी, त्यामुळे मी बाहेर हवा फेकणारा मोठा दणकट हूड बसवायचा म्हणतोय, चालेल ना? दोन, बाथरूमचा फॅन कुठे जातो बघायला ॲटिकमध्ये चढलो तर त्याचा पाइप तिथेच इन्सुलेशनवर मोकळा सोडलाय. तीन, एवढं सगळं एकदम परवडणार नाही, इन्शुरन्स फक्त साइडिंगचे पैसे देतोय. काय आधी करू?

---

भिंतीपलीकडे

बाथरूमचा पाइप सगळ्यात आधी. ती वाफ ॲटिकमध्ये खिळ्यांच्या टोकांवर आणि छताच्या फळ्यांवर बर्फ होऊन बसते, मार्चमध्ये ऊन पडलं की वितळून सीलिंगमधून टपकते आणि लोक छप्पर गळतंय समजून रूफरला बोलावतात. इन्सुलेटेड पाइप लावून छतातून किंवा भिंतीतून बाहेर काढा, अंघोळ झाल्यावर वीसेक मिनिटं चालेल असा टायमर लावा.

हूड बाहेर न्या, नक्की, फोडणीचा तेलकट धूरही जातो. पण दणकट नको. तुमचा वॉटर हीटर जुन्या पद्धतीचा, वर चिमणीच्या पाइपाखाली उघडी फट असलेला आणि चिमणीतून आपोआप धूर जाणारा असेल, तर मोठा हूड घरातली हवा ओढून घेतो आणि चिमणीतला धूर उलटा बेसमेंटमध्ये येतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. आता जो धोका फटींमुळे झाकलाय तो घर घट्ट केल्यावर वाढेल. ऑडिटमध्ये घरातले सगळे फॅन एकदम चालू करून ही टेस्ट करतात, ती करून घेतल्याशिवाय हूड घेऊ नका. मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक बेडरूमच्या दहा फुटांच्या आत असणं तुमच्या राज्यात कायद्यानेच बंधनकारक आहे, आहे ना बघा. रेडॉनची (जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सर्गी वायूची) टेस्ट पण करा, मिनेसोटात दर पाचातल्या दोन घरांत ते जास्त निघतं.

पैशांचं. ब्लोअर डोअर टेस्टने सुरुवात करा, दारात पंखा बसवून घरातला दाब कमी करतात आणि हवा कुठून शिरते ते धुराच्या पेन्सिलीने आणि थर्मल कॅमेऱ्याने दाखवतात. तुमच्या गॅस किंवा वीज कंपनीकडे सवलतीत ऑडिट मिळतं का विचारा. मग ॲटिकच्या फटी आणि रिम जॉइस्ट, या दोन कामांना मटेरियल स्वस्त, मेहनत जास्त. ॲटिकमध्ये आधी फटी बुजवायच्या आणि मगच वरून सेल्युलोज टाकायचा, उलट केलं तर फटी सापडतच नाहीत. हे दोन्ही साइडिंग न काढता कधीही होतं, तरी मी ते आधी सांगते कारण सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो.

पण साइडिंगची वेळ परत येणार नाही, म्हणून त्या वेळी करायच्या गोष्टी वेगळ्या काढा: डेन्सपॅक, हाउसरॅप, बाहेरचा बोर्ड आणि खिडक्यांचं फ्लॅशिंग. इन्शुरन्सच्या पैशात साइडिंगची मजुरी येते, तुम्हाला बोर्ड, पट्ट्या, लांब स्क्रू आणि वाढीव मजुरी घालायची. तेही बसत नसेल तर उलटा क्रम नको, म्हणजे डेन्सपॅक करून बाहेर काहीच नाही असं नको. पोकळी आहे तशी ठेवून बाहेरून दीड-दोन इंच बोर्ड घाला. आतला बॅट पातळ असल्यामुळे शीदिंग तेव्हा चाळिशीच्याही वर जाईल, भिंत उलट जास्त सुरक्षित, फक्त एकूण आर-व्हॅल्यू थोडी कमी. कोपऱ्यातल्या त्या तीन स्टडना पांघरूण मिळणं हे तुमच्या बेडरूमसाठी जास्त मोलाचं आहे.

मिनरल वूलबद्दल विनिपेगकरांशी मी सहमत आहे, सुतार मिळत असेल तर तेच घ्या.

---

सेंटपॉलकर

समजलं. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला फोन केला, तो म्हणतो पाव इंचीऐवजी दोन इंची बोर्ड आणि पट्ट्या करून देईन, पण खिडक्यांना बाहेरून चौकटी वाढवाव्या लागतील त्याचं वेगळं. त्याच्याकडून लेखी काय काय मागू?

---

विटा_ते_विनिपेग

बोर्डचं नाव, जाडी आणि आर-व्हॅल्यू. पट्ट्या स्टडमध्ये जाणार, नुसत्या शीदिंगमध्ये नाही, हे शब्दांत, आणि स्क्रू लाकडात किती खोल जाणार ते. खिडकीखाली सिल पॅन, वर मेटलची ड्रिप कॅप (पाणी पुढे टाकणारी पट्टी), हाउसरॅप ड्रिप कॅपच्या वरून खाली येणार, मागून नाही. पट्ट्यांच्या खालच्या आणि वरच्या टोकाला किडे-उंदीर जाऊ नयेत म्हणून जाळी. कुजलेलं शीदिंग निघालं तर शीटमागे किती घेणार ते आत्ताच ठरवा, आणि साइडिंग चढवण्याआधी चारही बाजूंचे फोटो तुम्हाला काढू देणार हे पण लिहून घ्या. परमिट तोच काढणार का हेही विचारा, इन्स्पेक्टर पट्ट्या झाकायच्या आधी येऊन बघून गेला तर उत्तम.